तळ्याकाठच्या चार ओळी

८ जानेवारी २०२५, बुधवार

ही डायरी माझ्या बायकोला, साधनाला, टोनर पुरवणाऱ्याने दिली. साकोलीच्या बसस्टँडजवळ तिचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, त्यामुळे दर जानेवारीत अशी एक डायरी घरात येते आणि तिच्यात लोणच्यांची प्रमाणं आणि गॅसवाल्याचा नंबर भरतो. यंदा मी मागून घेतली. पन्नाशी गाठलेल्या इतिहासाच्या प्राध्यापकाकडे स्वतःची दैनंदिनी नसावी हे काही बरं नाही, आणि आज तर लिहून ठेवण्यासारखं घडलं आहे.

विद्यापीठाचं पत्र आलं. पीएच.डी.साठी आलेल्या एका प्रस्तावातला मजकूर माझ्या प्रसिद्ध लेखाशी एकसष्ट टक्के जुळतो, असं संगणकाने सांगितलं आहे. समितीला माझं म्हणणं हवं आहे. म्हणजे सरळ भाषेत, माझी चोरी झाली. खरं लिहायचं तर पहिल्यांदा मला आनंदच झाला. साकोलीत बसून लिहिणाऱ्याचं कोण चोरतं?

लेखाचं नाव 'शपथ, खूण आणि मौन'. फ्रीमेसन म्हणजे आपले विधी बाहेर न सांगणारी, जगभर पसरलेली मंडळी. इंग्रजी अमदानीत त्यांच्या बैठकी कामठीच्या छावणीतही भरत, आणि माझी पीएच.डी. त्यांच्यावरच आहे. मॉर्मन हा अमेरिकेतला दोनेकशे वर्षांचा पंथ. त्यांच्या मंदिरातले गुप्त विधी मेसनांकडून उचललेले की स्वतंत्र, यावर तिकडचे अभ्यासक पिढ्यान् पिढ्या भांडत आहेत. भांडताना एकमेकांचे उतारे ढापतात, मग त्यावरूनही भांडतात. या दोघांच्या शेजारी मी तिसरं उदाहरण मांडलं ते आपल्या जिल्ह्यातलं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या आणि आता वर वसवलेल्या एका गावात मासे धरणारी पाच-सात घरं आहेत. घरातला पोरगा पहिल्यांदा जाळं घेतो तेव्हा घरातली सर्वांत म्हातारी बाई त्याच्या कानात चार ओळी सांगते. तो कमरेइतक्या पाण्यात उतरून त्या मनात म्हणतो. बाहेर कोणाला सांगायच्या नाहीत. त्या ओळी मी छापल्या:

पाण्याचं पाण्यात,
जाळ्याचं जाळ्यात,
पाह्यलं ते डोळ्यात,
आयकलं ते गळ्यात.

नागपूरच्या परिषदेत यांवर टाळ्या पडल्या होत्या. 'गळ्यात' या एका शब्दावर मी तीन पानं लिहिली आहेत, कारण शपथ मोडणाऱ्याचा गळा चिरण्याचा उल्लेख मेसनांकडेही होता आणि मॉर्मनांकडेही होता, असं अभ्यासक सांगतात.

पत्राचं पान उलटलं. प्रस्ताव देणारीचं नाव रंजू मारबते. माझीच विद्यार्थिनी. आता झोपतो.

९ जानेवारी, गुरुवार

प्राचार्य पुंडलिकराव खूश झाले. केबिनमध्ये बोलावून पेढा दिला. "म्हंजे आपल्या कॉलेजचा लेख चोरीले गेला! नॅकच्या अहवालात टाकता येते का पाहा जी." कॉलेजांना श्रेणी देणारी नॅकची मंडळी मार्चमध्ये येणार हे कळल्यापासून पुंडलिकरावांना कॉलेजच्या आवारातलं वाळलेलं झाडही अहवालात टाकावंसं वाटतं.

घरी सांगितलं. साधना भाकर थापत होती.

"कोन पोरगी?"

"रंजू मारबते. तुला आठवत नसेल. तीन वर्षांपूर्वी एम.ए.ला होती."

"निळ्या शाईनं लिवते, थे?"

हो म्हटलं. तिचं भाकरीवरचं लक्ष उडालं आणि भाकर करपली. हिच्या दुकानात शेकडो वह्या येतात, हिला एका पोरीची शाई कशी लक्षात राहिली कोण जाणे.

१३ जानेवारी, सोमवार

चार दिवस काही लिहिलं नाही. आता नीट लिहितो, नाहीतर डायरी ठेवून उपयोग काय.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी सगळ्यांना लघुप्रबंध करावा लागतो. रंजूला 'गुप्त मंडळ्या आणि त्यांच्या शपथा' हा विषय मी दिला. विषय माझा, वर्गातली टिपणं माझी, इंग्रजी पुस्तकं माझ्या कपाटातली. तिने कच्चा मसुदा एका शंभरपानी वहीत लिहून आणला. चार प्रकरणं होती. चौथ्यात तिने मेसन आणि मॉर्मन यांच्या शेजारी स्वतःच्या घरातली चाल ठेवली होती. त्या म्हातारीचं नाव भागीरथाबाई, ती रंजूची आजी. त्या एका प्रकरणाची अठ्ठावीस पानं. मी रात्रभर वाचली नाहीत, दुपारीच वाचली, पण जेवायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला म्हणालो, "चौथं प्रकरण काढ. लांबतंय. तीन पुरे." तिने काढलं. प्रबंध पास झाला. वही माझ्याकडे राहिली.

वर्षभराने परिषदेचं बोलावणं आलं. तिच्या अठ्ठावीस पानांवर मी माझी नऊ घातली. भाषा जागोजागी सुधारली. तळटिपा फार होत्या, काही काढल्या. खाली लिहिलं, 'मुलाखत: भागीरथाबाई, स्वतः घेतलेली'. त्या गावाला मी आजवर गेलेलो नाही. 'स्वतः' या शब्दापाशी पेन जरा थांबला होता, एवढं आठवतं.

पण मार्गदर्शक म्हणून माझा काही हक्क आहे की नाही? तिने माहिती आणली, त्या माहितीचा लेख मी केला. सगळीकडे असंच चालतं. हे वाक्य आज मी सकाळपासून चार-पाच वेळा मनात म्हटलं आहे.

१५ जानेवारी, बुधवार

रंजू आली. स्टाफरूमच्या दारात चपला काढून उभी राहिली. आमच्या स्टाफरूममध्ये चपला काढायची पद्धत नाही. तिळगूळ दिला, पाया पडली.

"सर, माझी थे वही तुमच्यापाशी हाय ना जी?"

"कुठली?"

"एम.ए.ची. चौथं प्रकरण होतं त्याच्यात. समितीच्या कामिनी मॅडमनं इचारलं, हे तुले कोठून भेटलं. मी म्हटलं, मीनंच लिवलं. त्या म्हनाल्या, मंग सबूत आन."

माझ्या लेखाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. तिने तो पाहिला आहे, समितीने दाखवलाच असणार. माझ्याकडे बघतही नव्हती, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होती.

"शोधून पाहतो, बाळा. तीन वर्षं झाली."

"पाहा जी. ठपका लागला तं तीन वर्षं अर्ज करता येत नाई. आन् गावात तं आताच म्हनून राह्यले, मारबतेची पोरगी कॉपी करताना सापडली. नाई भेटली वही, तं मी चोर ठरीन."

मी म्हणालो, काळजी करू नकोस. ती हो जी म्हणाली आणि चपला हातात घेऊन पायऱ्यांपर्यंत गेली.

१६ जानेवारी, गुरुवार

वही स्टीलच्या कपाटात वरच्या खणात आहे, लग्नाच्या अल्बमखाली. शोधावी लागली नाही.

२२ जानेवारी, बुधवार

समितीचं दुसरं पत्र. दोन्ही बाजू मजकूर आपलाच म्हणतात, तर ज्यांची मुलाखत घेतली त्यांचं लेखी निवेदन आणा, असं कामिनी मॅडमनी लिहिलं आहे. सुनावणी १२ फेब्रुवारीला. 'दोन्ही बाजू' वाचून चमकलो. मी अजून काही म्हटलेलंच नाही. मग लक्षात आलं की लेखावरचं माझं नावच माझ्या वतीने बोलून राहिलं आहे.

वर्गात आज नेमका तोच भाग आला. मेसनांचे विधी फोडून सांगणारी जुनी पुस्तकं निघाली, ती एकमेकांवरून उतरवलेली. कोणी कोणाचं उतरवलं हे कसं ओळखायचं, ते मी दरवर्षी शिकवतो. बरोबर गोष्ट दोघांना वेगवेगळी सापडू शकते, म्हणून बरोबर गोष्टी बघायच्या नाहीत. चुका बघायच्या. एकाची चूक दुसऱ्याकडे जशीच्या तशी दिसली, की समजायचं. पोरांनी उतरवून घेतलं. मी तास पाच मिनिटं आधीच सोडला.

म्हातारीचं निवेदन आणावं लागेल. ओळी खऱ्या आहेत, ती हो म्हणेल. कोणाला सांगितल्या, ते तिला वाचून दाखवायची गरज नाही. साधनाकडून कागद टाईप करून घेतला: 'खालील ओळी आमच्या घराण्यातील असून त्या मी डॉ. कापगते यांना सांगितल्या आहेत.' एवढं वाक्य टाईप करायला साधनाने अर्धा तास लावला. एरवी ती पान पाच मिनिटांत काढते.

२ फेब्रुवारी, रविवार

गाडी काढून पवनीच्या रस्त्याने गेलो. कालव्यालगत उन्हाळी धानाची रोवणी चालली होती. पुनर्वसनाचं गाव, सरळ रेघेतल्या गल्ल्या, घरांवर प्लॉटचे नंबर. रंजू घरी नव्हती, भंडाऱ्याला क्लासला शिकवते. तिचे वडील केवळराम ओसरीवर जाळं विणत होते. भागीरथाबाई लाखोरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सर आले म्हटल्यावर शेजारच्या घरून खुर्ची आणली गेली. चहा कपात, बशीत बिस्किटं.

मी कागद काढला आणि ओळी मोठ्याने वाचल्या. आधी वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मग म्हातारी हसायला लागली, खोकला येईस्तोवर हसली.

"हे कोनं सांगतलं जी तुमाले?"

"तुमच्याच घरच्या ना?"

"नाई जी. हे आमचे बोल नोहोत. आमचे बोल कागदावर चढतच नाई." पदराने डोळे पुसले. "पन बेस हायेत. कोनं केले?"

केवळराम जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, "रंजूचेच असतीन. लहान होती तवापासून जोडत राह्यते असं काईबाई."

"आता समजलं," म्हातारी म्हणाली. "मीनं तिले म्हटलं होतं, मायबाई, चाल लिव, बोल नोको लिवू. पोरीनं आयकलं माझं. शिकली तरी आयकलं." आणि माझ्याकडे वळून, "सर, हे चोरीचं काय म्हनतेत जी? आठ दिस झाले, पोरगी धड जेवत नाई."

"होईल नीट."

"तुमी हाव ना तिचे सर. मंग मले फिकर नाई."

कागद खिशात ठेवला. निरोप घेताना तिने रुमालात बांधून शेंगा दिल्या.

पुढचं लिहायला जड जातं, पण लिहितो. परत येताना मी खूश होतो. गाडीवर गुणगुणत होतो. पोरीने ओळी मनाने रचल्या, म्हणजे संशोधनात खोटा पुरावा घातला! हे समितीला सांगितलं की तिचा प्रस्ताव तिथेच संपला, वहीची गोष्टच निघत नाही. वीस किलोमीटर मी या आनंदात आलो. मग हायवेला लागायच्या आधी चहाला थांबलो आणि पहिल्या घोटाला आठवलं, की मी छापून ठेवलं आहे: भागीरथाबाईंच्या तोंडून या ओळी मी स्वतः ऐकल्या. ऐकताना त्यांचा स्वर कसा खाली गेला, हेसुद्धा मी लिहिलं आहे.

तिची कविता माझ्या लेखात, अगदी जशीच्या तशी. वर्गात शिकवतो तीच गोष्ट. चोरी केली नाही म्हणावं तर मी खोटारडा, आणि खोटारडा नाही म्हणावं तर चोर. चहा तसाच ठेवून उठलो. टपरीवाला मागून ओरडला, "साहेब, माशी पडली का?"

३ फेब्रुवारी, सोमवार

कॉलेजला गेलो नाही. वही काढली. दोन वर्षांत पहिल्यांदा. चौथ्या प्रकरणाच्या एकोणिसाव्या पानावर त्या ओळी आहेत, आणि पानाच्या तळाशी, निळ्या शाईत, बारीक अक्षरात:

'मूळ बोल घरातील मोठ्यांच्या इच्छेनुसार दिलेले नाहीत. वाचकाला कल्पना यावी म्हणून या ओळी मी स्वतः रचल्या आहेत. शेवटचा शब्द केवळ यमकासाठी घेतला आहे, त्यावरून अर्थ काढू नये.'

त्यावरून मी तीन पानं अर्थ काढला.

पोरीने एवढ्या प्रामाणिकपणे लिहिलं होतं. समितीने ही टीप पाहिली तर तिच्यावर चोरीचाही ठपका राहत नाही आणि खोटेपणाचाही नाही. समितीपुढे ती हे तोंडी सांगेलही, पण आधी कोणी लिहिलं हे फक्त वही सांगू शकते. आणि वही माझ्या मांडीवर होती. मी मागच्या अंगणात पाणी तापवायच्या चुलीकडे एकदा पाहिलं. फक्त पाहिलं, पण पाहिलं.

साधना दुपारी जेवायला आली तेव्हा वही लपवायला मला वेळ मिळाला नाही.

"ही टीप माझ्या नजरेतून सुटली होती," मी म्हणालो.

"नाई सुटली." तिने पिशवी खाली ठेवली. "मीनं टाईप केली होती थे. तुमी प्रिंटवर लाल पेनानं खोडली. म्हनाले, तळटिपा लय झाल्या."

"मला खरंच आठवत नाही."

"बरं."

वर लिहिलेलं वाक्य खोटं आहे. मला आठवतं. लाल पेनात शाई कमी होती, दोनदा रेघ मारावी लागली.

"तू तेव्हाच का बोलली नाहीस?"

"मी टायपिंगवाली बाई. लोकं जे आनतेत, थे टाईप करतो. कोनाचं कोठून उचललेलं हाय, समजते मले, अर्ध्या तालुक्याचं समजते. कोनाले बोललो नाई." ताट वाढता वाढता तिचा आवाज बदलला. "पन तुमचं करताना मले लाज वाटली. वाटे, आज सांगतीन, उद्या सांगतीन. दोन वर्सं झाली जी."

आम्ही दोघं जेवलो.  मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि ही काही सुनावणी नव्हती, घरातला वरणभात होता.

८ फेब्रुवारी, शनिवार

पुंडलिकरावांना सगळं सांगितलं. निम्मं सांगेपर्यंत त्यांनी उठून दार लावलं.

"कापगते, नॅक तोंडावर आली आन् तुमी हे काय काढून राह्यले? असं करा. संयुक्त लेखन होतं म्हना. तुमचं नाव पह्यलं, तिचं दुसरं. छापताना राहून गेलं. पोरगी गरीब हाय, सही करीन. तिचंही भलं, तुमचंही भलं, कॉलेजचंही भलं."

खोटं कशाला लिहू, मला त्यांचा सल्ला फार आवडला. घरी येईस्तोवर 'संयुक्त' हा शब्द मला चांगलाच सवयीचा झाला. खरंच तर आहे, नऊ पानं माझी होती.

साधनाला म्हटलं, एवढं पत्र टाईप करून दे. ती म्हणाली, "हे तुमच्या हातानं लिवा."

बसलो लिहायला. 'प्रस्तुत लेख हा मी व माझी विद्यार्थिनी रंजू' इथपर्यंत आलो आणि पुढे तिचं पूर्ण नाव लिहायचं तर तिच्या वडिलांचं नाव आठवेना. सहा दिवसांपूर्वी त्यांच्याच ओसरीवर बसून आलो होतो. आठवलं तेव्हा ते जाळं विणणारे हातही आठवले, आणि म्हातारीचं 'मंग मले फिकर नाई'. पत्र फाडलं. दुसरं लिहिलं. तेही फाडलं. साधना दारातून बघून गेली. शेंगांची भाजी केली होती.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सुनावणी झाली.

रंजू बाहेर बाकावर बसली होती, मांडीवर फाईल. मला पाहून उभी राहिली. सवयीने. मी पिशवी पोटाशी धरून आत गेलो.

समितीत तिघं होते. मधे कामिनी मॅडम, चष्मा डोक्यावर. वहीची गोष्ट पहिल्या वाक्यात सांगायची असं मी ठरवून गेलो होतो. पण तोंड उघडलं आणि मॉर्मन निघाले. दोन विधी सारखे दिसले म्हणजे एकाने दुसऱ्याचं उचललंच असं म्हणता येत नाही, साम्याची कारणं अनेक असतात, त्या वादात अमेरिकेतल्या विद्वानांनीही एकमेकांवर असेच आरोप केले. दहा मिनिटं बोललो. माझा आवाज मला परिषदेतल्यासारखा ऐकू येत होता.

"सर," मॅडम म्हणाल्या, "मॉर्मनांचं नंतर बघू. पिशवीत काय आहे?"

"वही."

"कोणाची?"

"रंजूची." मग म्हणालो, "लेखही तिचाच. मी चोरला."

या शब्दांपर्यंत यायला मला पस्तीस दिवस लागले आणि म्हणायला लागले ते जेमतेम दोन सेकंद. मॅडमनी वही उघडून एकोणिसावं पान वाचलं. टीप मोठ्याने वाचली. 'यमकासाठी' ऐकून बाजूचे सदस्य हसले, मग माझ्याकडे बघून थांबले.

"गळ्यावर तीन पानं लिहिण्याआधी ही टीप तुम्ही वाचली होती?"

"हो."

"आणि वही शोधून पाहतो असं तिला सांगितलंत?"

"हो."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बाहेर आलो तर रंजूला आत बोलावलं होतं. बाकावर तिची फाईल राहिली होती. मी ती तशीच सोडून स्टँडवर आलो. थांबायला हवं होतं. नाही थांबलो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

निकाल आला. रंजूचा प्रस्ताव मंजूर, तिच्यावर कसलाही ठपका नाही. माझा लेख मागे घ्यायचा आणि तीन वर्षं कोणाला मार्गदर्शन करायचं नाही. साधनाने पत्र वाचलं आणि म्हणाली, "बेस झालं." मग चहा टाकला, आज साखर जास्त पडली.

पुंडलिकराव बोलत नाहीत. स्टाफरूममध्ये मी शेजारी बसलो की मराठीचे सर आपली टिपणं खणात सारतात. गमतीने करतात, पण सारतात. मी त्यांच्याबरोबर हसतो.

मनात अजून एक आशा आहे, तीही लिहितो. कबुली दिली म्हणून रंजू मला माफ करेल. मी ते तिच्यासाठीच तर केलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

समितीने वही कॉलेजच्या पत्त्यावर परत पाठवली. ती न्यायला रंजू आज आली. या वेळी तिने चपला काढल्या नाहीत. पाया पडली नाही. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याची लाज वाटली.

वही दिली. तिने पानं चाळून बघितली, एकोणिसावं उघडलं, मिटली.

"रंजू, माझं चुकलं."

"हो जी."

"कबूल करायला उशीर केला."

"त्या लेखाचं मले तेवढं नाई लागलं, सर," ती म्हणाली. अजूनही सर म्हणाली. "छापून आल्याचं तं मले मालूमच नव्हतं, मॅडमनं दाखवला तवा समजलं. मले दुसरंच लागलं."

"काय?"

"मीनं वही देल्ली, त्याच्या नंतरच्या महिन्यात तुमी वर्गात त्या ओळी म्हनून दाखवल्या. फळ्यावर लिवल्या. पोरायनं उतरवून घेतल्या. तुमाले याद हाय का?"

मला आठवत नव्हतं. या वेळी खरोखरच आठवत नव्हतं.

"मी तिसऱ्या बेंचावर होती. मले इतली खुशी झाली जी. मीनं बाजूच्या पोरीले हळूच म्हटलं, आता सर माझं नाव घेतीन. नाव घेतलं तं उभं राहा लागन, म्हून मीनं मांडीवरची वही खाली ठेवली, ओढनी नीट केली. तास संपेवर तशीच बसून राह्यली, उभं राहाच्या तयारीत."

एवढं बोलून ती थांबली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी काहीतरी बोललो असतो. वही तिने पिशवीत घातली, येतो म्हणाली आणि गेली.

संध्याकाळपासून मी तो तास आठवायचा प्रयत्न करतो आहे. फळा आठवत नाही, ओळी म्हटल्याचं आठवत नाही, तिसरा बेंच आठवत नाही. पोरं माना खाली घालून उतरवून घेत असतील आणि एकटी तीच मान वर करून माझ्याकडे बघत असेल. मग घंटा झाली असेल, आणि मी डस्टर उचलून चहाला गेलो असेन.